सातबारा, भाऊबंद आणि उसाचे बिल : सभासदांचे नेहमीचे प्रश्न



ऊस नोंदणी सुरू झाली की गट ऑफिसात बेणे, खत, तोडणी यांचे प्रश्न येणार हे ठरलेलेच. पण आपल्या सिंधुदुर्गात त्यांच्या जोडीला आणखी एक गठ्ठा येतो, तो म्हणजे कागदाचा. सातबारा कोणाचा, सही कोणाची, वाट कोणाची आणि बिल कोणाचे! घाटावर एका सातबारावर दोन-चार नावे असतील, तर आपल्याकडे वीस-पंचवीस नावे असणे नवलाचे नाही. त्यातली निम्मी माणसे मुंबईला, काही देवाघरी गेलेली. आणि जो प्रत्यक्ष राबतो त्याचे नाव पुष्कळदा कुठेच नाही.

आम्ही शेतीचे पदविकाधारक, वकील नव्हे. तरीपण तेच ते प्रश्न वर्षानुवर्षे ऐकून आणि तहसील कचेरीत सभासदांबरोबर बसून जे समजले, ते येथे एकत्र देत आहोत. ज्यात वाद आहे त्यात वकिलाचा सल्ला घ्यावाच. परंतु पुष्कळशी प्रकरणे वादाची नसतात, निव्वळ आळसाची असतात, आणि आळसाचाच पुढे वाद होतो.

"सातबारो आजोबाच्या नावार, ऊस माझो. नोंद कोणाच्या नावार व्हतली?"

पहिले काम वारस नोंदीचे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १४९ प्रमाणे वारसाने जमीन मिळाल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण आपल्या तोंडी तलाठीच बसला आहे.) मुदत टळली म्हणून हक्क बुडत नाही, अर्ज केव्हाही करता येतो. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे, पत्ते व मयताशी नाते सांगणारे प्रतिज्ञापत्र आणि चालू सातबारा व आठ-अ जोडावा. तलाठी फेरफार नोंद धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर सुनावणी होते. निकाल मान्य नसेल तर प्रांताकडे साठ दिवसांत अपील करता येते. ही साठ दिवसांची मुदत मात्र आळसात घालवू नये.

दोन-तीन पिढ्यांची नोंद राहिली असेल तर एकदम नातवाचे नाव लागत नाही. आधी पणजोबा, मग आजोबा, मग वडील असा वंशवृक्ष कागदावर मांडावा आणि प्रत्येकाच्या मृत्यूची तारीख लिहावी. जुन्या मृत्यूची नोंदच ग्रामपंचायतीत नसेल तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने ती उशिराने करून घेता येते. वारसांपैकी कोणाचे नाव "तो कुठे येतो इकडे?" म्हणून गाळू नये. गाळलेले नाव आज गप्प बसते आणि उद्या कोर्टातून बोलते.

"माझा नाव लागला. आता जमीन माझीच ना?"

नाही. सातबारा हा मुळात महसुली अभिलेख आहे. त्यातील नोंद खरी धरून चालावी असे कायदा (कलम १५७) सांगतो. पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. मालकी ठरते ती वारसा, खरेदीखत, वाटप, कोर्टाचा निकाल अशा मूळ आधारावर. म्हणून नाव नाही एवढ्यावरून हक्क गेला असे नव्हे, आणि एकट्याचे नाव आहे एवढ्यावरून तो एकटा मालक असेही नव्हे. जुन्या सातबारावर थोरल्या भावाच्या नावापुढे "ए.कु.मॅ." किंवा "ए.कु.पु." असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, पुढारी. तो कुटुंबाच्या वतीने उभा असतो. धाकट्यांचा वाटा त्याच्या पोटात गेला असे होत नाही.

मग नाव कशाला हवे? तर पीक कर्ज, विहिरीची वीजजोडणी, नुकसानभरपाई, ऊस नोंद हे सारे सातबारावरच चालते. नावाशिवाय हक्क म्हणजे नाल नसलेला बैल. आहे घरचाच, पण रस्त्यावर चालवता येत नाही. सावंतवाडी तालुक्यातील आंबोली, चौकुळ, गेळे ही गावे पाहा. संस्थान काळापासून तेथील जमीन गावकीने मिळून "कबुलायतदार गावकर" म्हणून कसली. माणसागणिक नावे लागली नाहीत, पुढे सातबारावर शासनाचे नाव आले, आणि आपल्याच जमिनीत वैयक्तिक नाव लावून घेण्यासाठी त्या गावांना वर्षानुवर्षे झगडावे लागले.

"भाऊ मुंबयत. सही कोण देतलो?"

हा आपल्याकडचा सर्वांत अवघड प्रश्न, आणि उसाला तो भातापेक्षा जास्त नडतो. भात चार महिन्यांत निघते. भावाने "यंदा तू कर" म्हटले तरी पुरते. ऊस तसा नाही. सुरू लागण बारा महिने, पूर्वहंगामी चौदा-पंधरा, आडसाली सोळा ते अठरा महिने रानात उभी असते. त्यावर एक-दोन खोडवे धरले तर तीन-चार वर्षे जमीन गुंतते. एवढ्या काळात एखादा भाऊ जातो, त्याची मुले वाटा मागतात, आणि भांडण नेमके तोडीच्या वेळी उभे राहते. ऊस वाळतो, वजन घटते, आणि नुकसान सगळ्यांचेच होते.

म्हणून सामाईक जमिनीत ऊस लावण्यापूर्वी लेखी संमतीपत्र घ्या. त्यात गट नंबर, क्षेत्र, "लागण व दोन खोडवे" असा स्पष्ट काळ, खर्च कोणी करायचा, बिल कोणाच्या खात्यावर जायचे आणि इतरांना काय मिळायचे हे लिहा. विहीर सामाईक असेल तर पाण्याची पाळी, मोटारीचे बिल आणि पाइपलाइन कोणाच्या रानातून जाते हेही लिहा. आमच्या अनुभवाने जमिनीपेक्षा पाण्यावरून भाऊबंदकी लवकर पेटते.

कायमचा उपाय वाटपाचा. सर्व सहधारक कबूल असतील तर कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करून वाटप करून घेता येते. त्यानंतर भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून हिस्से फोडून घ्यावेत. एकाचाही मालकीबद्दल वाद असेल तर मात्र दिवाणी कोर्टाची वाट धरावी लागते. वाटप करताना १९४७ चा तुकडेबंदी कायदा आड येतो का, हे तलाठ्याकडे आधी विचारून घ्यावे. त्यातील क्षेत्राच्या मर्यादा वेळोवेळी बदलल्या आहेत.

मुंबईकरांनी मुखत्यारपत्र दिले तर बरेच काम सोपे होते. पण "मुखत्यारपत्रावर जमीन घेतली" असे कोणी सांगेल तर सावध राहावे. केवळ मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. विक्रीला नोंदणीकृत खरेदीखतच लागते.

"लगीन झालेल्या चेडवांक वाटो आसा काय?"

आहे. वडिलार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलाप्रमाणे जन्माने हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ सालीच केली; पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली तीतून वगळल्या होत्या. केंद्राच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून तो भेद राहिला नाही. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा हक्क राहतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली वाटपे मोडत नाहीत.

बहिणीला वाटा नको असेल तर तिने राजीखुशीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. कोऱ्या कागदावर सही किंवा तोंडी "माका नको" याला किंमत नाही. आणि भाऊबीजेच्या ताटावर बसवून सही घेणे शोभत नाही, हेही लिहून ठेवतो. वाचून, समजून केलेली सहीच पुढे टिकते.

"जमीन कसूक दिली तर कूळ लागात काय?"

या भीतीने आपल्याकडे किती जमीन पडीक आहे! खोती १९४९ च्या कायद्याने गेली. मुंबई कूळवहिवाट कायदा १९४८ चा. त्याखाली १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारी कुळे मालक मानली गेली. ३२-ग खाली किंमत ठरली, ती भरल्यावर ३२-म चे प्रमाणपत्र मिळाले. ज्यांच्या घरी ते प्रमाणपत्र असेल त्यांनी ते सोन्यासारखे जपावे. अशी जमीन विकायला कलम ४३ ची अट असते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असल्यास आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून व इतर अटी पाळून पूर्वपरवानगीशिवाय व्यवहार होतो.

आजच्या प्रश्नाचे उत्तर असे : घरचा माणूस कसत असेल किंवा मजुरीवर गडी राबत असेल तर कूळ होत नाही. सहहिस्सेदार भाऊबंद केवळ कसतो म्हणून दुसऱ्या हिस्सेदाराचे कूळ ठरत नाही. परक्याला खंडाने किंवा अर्धेलीने देताना मात्र जपावे. वकिलाकडून करार लिहून घ्यावा, पीक पाहणीत कोणाचे नाव चालले आहे ते दरवर्षी पाहावे. २०२१ पासून ई-पीक पाहणी आपल्याच हाती आली आहे. ती शेजाऱ्यावर सोडू नये.

"शेजाऱ्यान वाट बंद केल्यान. ट्रक खयसून काढू?"

दोन वेगळे उपाय आहेत. पूर्वापार वहिवाटीची वाट कोणी गडगा घालून अडवली, तर मामलेदार कोर्ट अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करावा. तो अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हायला हवा. रानात जायला मुळात वाटच नसेल, तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. "होळीपर्यंत बघू, मग गणपतीत बसू" असे करीत सहा महिने गेले की पहिला उपाय हातचा जातो. आणि वाटेचा विचार तोडीची चिठ्ठी आल्यावर नव्हे, लागणीच्या वेळी करावा.

"बिल कधी येतला? बापाशीच्या शेराचा काय?"

कारखान्याच्या अंकात कारखान्याचे कर्तव्यही छापले पाहिजे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे, वेगळा लेखी करार नसेल तर ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत रास्त व किफायतशीर दराने पैसे द्यायचे असतात. उशीर झाल्यास दरसाल दर शेकडा पंधरा टक्के व्याज लागते. थकीत रकमेची तक्रार पुण्याच्या साखर आयुक्तांकडे करता येते, आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते. "वेगळा लेखी करार नसेल तर" हे शब्द पुन्हा वाचा, आणि नोंदणीच्या फॉर्मवर सही करण्याआधी फॉर्मही पूर्ण वाचा. आमचा माणूस घाई करीत असेल तर त्याला थांबवा.

शेअरबाबत : हयातीतच वारसदाराचे नामनिर्देशन करून ठेवा. सभासद वारल्यावर सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम ३० प्रमाणे शेअर त्या व्यक्तीकडे वर्ग होतो. पण नामनिर्देशन म्हणजे मृत्युपत्र नव्हे; वारसांचे आपापसांतले हक्क त्याने संपत नाहीत. मृत्युपत्र वेगळे करावे, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. तसेच कलम ३२ प्रमाणे पोटनियम, शेवटचा तपासलेला ताळेबंद, सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि आपल्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा व फी भरून नकला घेण्याचा सभासदाला हक्क आहे. तो उपकार नव्हे.

चतुर्थीपूर्वी करायची कामे

गणपतीला सगळे भाऊबंद एका छताखाली येतात. असा योग वर्षात दुसऱ्यांदा क्वचित येतो. त्याआधी चालू सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढून ठेवा. वंशवृक्ष लिहून म्हाताऱ्या माणसांकडून तपासून घ्या. कोण कोणाचा मुलगा हे सांगणारी तीच शेवटची माणसे आहेत. संमतीपत्राचा मसुदा तयार ठेवा. आरती झाली, जेवणे झाली की बहिणींसह सगळ्यांना बसवा आणि मोठ्याने वाचून दाखवा. पटले तर सह्या घ्या. कोणी विचाराला वेळ मागितला तर द्या, पण तारीख ठरवून द्या.

ज्यांना वकिलाचा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. ओरोसला जिल्हा न्यायालयात चौकशी करावी.

ऊस चुकला तर पुढच्या हंगामात सुधारता येतो. कागद मात्र ज्यांच्या सहीने सुधारायचा ती माणसे आहेत तोवरच स्वस्तात सुधारतो. ज्या सभासदांना वंशवृक्ष मांडायला किंवा संमतीपत्र लिहायला मदत हवी असेल त्यांनी सातबारा घेऊन गट ऑफिसात यावे. आम्ही बसून लिहून देऊ.

— ऊस विकास अधिकारी