आतड्यातली पाणचक्की

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की बघायला आलेला पाहुणा बहुधा हौदातले मासे बघून परततो. खरी करामत त्या उंच भिंतीची. दूरच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी नळांतून आणून तिच्यावर चढवलं आणि तिथून खाली सोडलं. पडत्या पाण्यानं पाती फिरायची, पात्यांबरोबर जातं. ना बैल, ना माणूस.

तशीच चक्की आपल्या लहान आतड्यात आहे. बाविसाव्या गुणसूत्रावरच्या एसएलसी५ए१ या जनुकावरून ६६४ अमिनो आम्लांचं एक प्रथिन घडतं, एसजीएलटी१. ते पेशीच्या पटलात बसतं. पेशीत सोडियम कमी, बाहेर जास्त. त्यामुळे ते आत घुसायला टपलेलंच असतं. हे प्रथिन त्याला वाट देतं, पण दोन सोडियममागे एक ग्लुकोज सोबत असेल तरच. घसरतं सोडियम साखरेला ओढून नेतं. पेशीच्या मागच्या बाजूचा पंप आत आलेलं सोडियम रक्ताकडे उपसत राहतो. ऊर्जा खर्ची पडते ती तिथं. मीठ-साखर गेली, की पाणी मागोमाग जातं. ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६०मध्ये प्रागच्या परिषदेत मांडली.

पटकीचं विष क्लोराइडचं दार, सीएफटीआर, उघडं ठेवतं आणि शरीरातलं पाणी वाहून जातं. साखरेच्या या चक्कीला मात्र ते हात लावत नाही. १९७१मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून रुग्णांना पाजला, तो याच चक्कीच्या भरवशावर. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांवरून चारच्या आत आलं.

आजच्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं. पोर तोंड वाकडं करतं म्हणून त्यात वर चमचाभर साखर घालू नये. जादा साखर पाणी उलट आतड्यातच ओढते; जुलाबात कोल्ड्रिंक पाजणं म्हणूनच वेडेपणा. आजीची मीठ घातलेली पेज मात्र शास्त्राला धरून आहे, कारण तांदळातल्या पिठाचं ग्लुकोज आतड्यात हळूहळू सुटतं.

क्वचित एखादं बाळ हा जनुक दोन्ही बाजूंनी बिघडलेला घेऊन जन्मतं. आईच्या दुधातल्या साखरेचे दोन्ही घटक, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज, याच वाटेनं जातात. त्यामुळे अंगावर पाजलं की जुलाब, आणि ओआरएसनंही तेच. अशा बाळांना फ्रुक्टोजवर वाढवतात. त्याचं दार वेगळं आहे, एसएलसी२ए५ या दुसऱ्याच जनुकानं घडवलेलं.