शेवंडीच्या अंड्यांचा हिशेब

समुद्रातल्या शेवंडी एकेक करून मोजता येत नाहीत. मग त्या वर्षाला किती अंडी घालतात, हे कसे ठरवायचे? या प्रश्नाचे उत्तर शाळेतल्या त्रैराशिकाने मिळू शकते.

मुंबईच्या समुद्रात १९८०च्या दशकात चपटी वाळू-शेवंड ट्रॉलरच्या जाळ्यांत मोठ्या प्रमाणावर मिळत असे. १९९४ पर्यंत ती जवळजवळ नाहीशी झाली. अंडी धरलेल्या माद्यांची बेसुमार पकड हे त्याचे एक कारण मानले गेले.

शेवंडीची मादी अंडी पाण्यात सोडून देत नाही. पोटाखालच्या पायांना चिकटवून ती पिल्ले बाहेर पडेपर्यंत सांभाळते. म्हणूनच ती मोजणे शक्य होते. सगळी अंडी काढून त्यांचे वजन करतात, त्यातला छोटासा भाग वेगळा तोलून त्यातली अंडी मोजतात आणि त्यावरून एकूण संख्या काढतात. अंडी नुकतीच घातलेली आहेत की पिल्ले बाहेर पडण्याच्या बेतात आहेत, हेही पाहावे लागते. कारण मधल्या काळात काही अंडी गळून जातात.

मादी जितकी मोठी, तितकी अंडी जास्त. म्हणून माद्यांचे आकारानुसार गट पाडतात. प्रत्येक गटातील माद्यांची संख्या, त्यांपैकी अंडी धरणाऱ्यांचे प्रमाण आणि दर मादीमागची अंडी यांचा गुणाकार करतात. वर्षातून एकाहून अधिक वेळा अंडी धरली जात असतील, तर तितक्या पटीने तो वाढवतात.

समजा, १००० माद्यांपैकी ७०० लहान आहेत. त्यांतल्या २० टक्के अंडी धरतात, प्रत्येकी १५,०००. ही झाली २१ लाख अंडी. उरलेल्या ३०० मोठ्या माद्यांपैकी ६० टक्के अंडी धरतात, प्रत्येकी ३०,०००. ही ५४ लाख. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. पण संख्येने तीन दशांश असलेल्या मोठ्या माद्या एकूण ७५ लाखांपैकी ७२ टक्के अंडी देतात, हे लक्षात घ्यावे. त्या आधी पकडल्या गेल्या, तर शेवंडी बऱ्याच उरलेल्या दिसतील, पण पुढची पिढी मात्र आटेल.

भारत सरकारने २००३ मध्ये निर्यातीसाठी शेवंडींचे किमान वजन ठरवून दिले. वाळू-शेवंडीसाठी ते १५० ग्रॅम आहे. त्यामुळे लहान माद्यांना वाढायला अवधी मिळतो. मात्र अंडी धरलेल्या मोठ्या मादीला अशी वजनाची अट वाचवू शकत नाही. तिला जिवंत असतानाच समुद्रात परत सोडावे लागते.

नागपूरच्या शाळांत शेवंड मिळणे अवघड. पण पावसाळ्यात बाजारात येणाऱ्या गोड्या पाण्यातल्या झिंग्यांमध्ये पोटाखाली अंडी असलेल्या माद्या सापडतात. आम्ही पुढील प्रयोग सुचवतो. एक लहान व एक मोठी मादी घ्यावी व त्यांची लांबी मोजावी. प्रत्येकीची अंडी सुईने सुटी करून १०० मिलिलिटर पाण्यात टाकावीत. पाणी चांगले ढवळून लगेच ५ मिलिलिटर काढावे, अंडी मोजावीत आणि संख्येला २० ने गुणावे. हेच तीनदा करून सरासरी घ्यावी. तीन वेळची उत्तरे वेगवेगळी का आली, याची चर्चा विद्यार्थ्यांनाच करू द्यावी.