मोरी, मासे आणि कराराचा अर्थ

‘मोरी’ हा शब्द उच्चारताच मराठी भाषकापुढे पाणी वाहून जाण्याची वाट उभी राहते. त्याच वाटेने कोणी उलट चढून येत असेल, ही कल्पना त्या शब्दात नाही. वास्तविक कोकणात पावसाळ्याच्या आरंभी ओढ्यांतून वर येणाऱ्या माशांना ‘चढणीचे मासे’ असे स्वतंत्र नाव आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात रस्त्यांखालील जुन्या मोऱ्यांविषयी जो वाद झाला, त्याचे मूळ अशाच दोन दृष्टींत होते.

तेथील सॅमन मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी जन्माच्या ओढ्याकडे परततो. अरुंद नळाच्या मोरीत पाणी कोंडून वेगाने बाहेर पडते. त्यामुळे खालचा तळ खरवडला जातो व कालांतराने नळाचे तोंड अधांतरी राहते. तेथे मासा अडला, की वरचा सारा प्रवाह त्याला नसल्यासारखाच.

१८५४-५५ मध्ये गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स यांनी तेथील आदिवासी जमातींशी करार केले. जमातींनी भूमी दिली, पण परंपरागत ठिकाणी मासे धरण्याचा हक्क राखला. ही बोलणी चिनूक जार्गन या काहीशे शब्दांच्या व्यापारी मिश्रभाषेतून झाली. साहजिकच, इंग्रजी मजकुरातून जमातींना कोणता अर्थ अभिप्रेत होता, हा प्रश्न केवळ शब्दकोशाने सुटणारा नव्हता. हक्क जाळे टाकण्याचा, की जाळ्यात मासा येण्याचाही? न्यायालयांनी दुसरा अर्थ ग्राह्य धरला. २०१३ मध्ये राज्याला अशा मोऱ्या बदलण्याचा आदेश मिळाला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४ विरुद्ध ४ अशी समान मते पडल्याने तो कायम राहिला.

नव्या बांधणीत ओढा हाच नमुना मानतात. तेथील एका प्रचलित पद्धतीत, काठोकाठ भरलेल्या प्रवाहाच्या रुंदीची १.२ पट करून तीत २ फूट मिळवितात, व तळाशी ओढ्यातल्यासारखे दगडगोटे पसरतात. काम चालू असता प्रवाह बाजूने वळवितात. तत्पूर्वी मासे पकडून सुरक्षित जागी सोडतात.

तथापि हा आदेश केवळ राज्याच्या मालकीच्या मोऱ्यांस लागू आहे. त्याच ओढ्यावर खाली एखाद्या नगराची वा खाजगी मालकाची मोरी अडसर ठरत असेल, तर वरचा खर्च व्यर्थ होय. शब्दाचा अर्थ न्यायालयाने निश्चित केला. तो ओढ्याच्या संपूर्ण लांबीवर उतरावयाचा अद्याप शिल्लक आहे.