जुन्या रायफलीच्या नळीतील ताम्रलेप व त्याचे निष्कासन

अंबरनाथ येथील आयुध निर्माणी काडतुसांना लागणाऱ्या पितळेच्या कामासाठी परिचित आहे. २०२१ पासून ती ‘यंत्र इंडिया लिमिटेड’च्या अधीन आहे. शेजारचे उल्हासनगर ज्या भूमीवर वसले, तेथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळी कल्याणची लष्करी छावणी होती. १९४९ साली त्या वसाहतीस आजचे नाव मिळाले. त्या काळच्या हिंदी सैनिकाचे नित्याचे शस्त्र म्हणजे .३०३ ली-एनफील्ड रायफल होय. पोलीस दलांत ती पुढेही दीर्घकाळ टिकली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला २०२० साली निरोप दिला. अशा जुन्या रायफलीच्या नळीत साचलेले तांबे कसे काढावे, हा प्रश्न वरवर शस्त्रागारातील कारागिराचा वाटतो. वस्तुतः तो निवडक विद्रावणाचा, म्हणजे एका धातूस धक्का न लावता दुसरा विरघळविण्याचा, रसायनशास्त्रीय प्रश्न आहे.

या रायफलीच्या नळीत डावीकडे वळणाऱ्या पाच सर्पिल खोबणी असतात. शिशाचा गाभा असलेली गोळी सेकंदास सुमारे ७४४ मीटर वेगाने त्यांतून जाते. तिचे वेष्टन प्रथम तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूचे असे; पुढे तांब्यात अल्प जस्त मिसळलेली मिश्रधातू वापरात आली. घर्षणाने या वेष्टनाचा अंश पोलादावर चिकटतो. तांबे-निकेलचा थर विशेष चिवट असून त्याच्या गाठी बनतात. जुन्या नळीचा अंतर्भाग कॉर्डाइटच्या तप्त वायूंनी खडबडीत झालेला असल्याने तेथे धातू अधिक खरवडला जातो. पहिला थर दुसऱ्यास आधार देतो आणि नेम बिघडतो.

तांबे विरघळविण्यास नायट्रिक आम्ल समर्थ आहे. परंतु ते पोलादही खाते. म्हणून अमोनियाची योजना केली जाते. ऑक्सिडीकारकाच्या सान्निध्यात तांब्याचे आयन बनतात आणि प्रत्येक आयन अमोनियाच्या चार रेणूंशी बद्ध होऊन गडद निळे, विद्राव्य संयुग देतो. लोहाचे असे स्थिर संयुग जलीय द्रावणात बनत नाही. अल्कधर्मी द्रावणात त्याच्या पृष्ठभागी संरक्षक पटल राहते. हवेतील ऑक्सिजनने ही क्रिया मंद चालते. जुन्या लष्करी द्रावणात अमोनियम परसल्फेट घालून ती जलद केली जाई. मात्र अमोनिया उडून गेला की परसल्फेटयुक्त द्रावण आम्लधर्मी होऊ लागते आणि तेच पोलादावर तुटून पडते. यास्तव असे द्रावण नळीत अर्ध्या तासाहून अधिक ठेवू नये, कोठेही वाळू देऊ नये, आणि शेवटी नळी पाण्याने धुऊन, कोरडी करून तिला तेल लावावे.

तथापि जुन्या नळीचा खरा शत्रू तांबे नव्हे. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे; स्फोटानंतर त्याचे पोटॅशियम क्लोराइड बनते. हे लवण तेलात विरघळत नाही, आणि सापेक्ष आर्द्रता सुमारे ८४ टक्क्यांहून वाढली की हवेतील पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळते. बदलापूर-अंबरनाथच्या पावसाळ्यात ही मर्यादा वारंवार ओलांडली जाते. ताम्रलेपाखाली असे लवण अडकले असेल, तर तांबे, लोह व क्षारजल मिळून एक विद्युत्-घट तयार होतो. त्यात लोह धनाग्र असल्याने तेच झिजते, आणि वरून चकाकणाऱ्या तांब्याखाली गंजाचे खड्डे पडतात. केवळ तेल लावून ठेवलेली रायफल पावसाळ्यानंतर गंजलेली निघते, ती यामुळेच. म्हणून क्रम असा असावा: प्रथम उकळते पाणी, मग अमोनियायुक्त द्रावण, आणि तांबे निघाल्यावर पुन्हा उकळते पाणी; कारण थराखालचे लवण तेव्हाच उघडे पडते.

क्रिया केव्हा थांबवावी, हे गजावरील चिंधी सांगते. ती निळी येणे थांबले की तांबे संपले. मात्र काशाच्या तारांचा ब्रश वापरल्यास त्यातील तांबेही निळा रंग देऊन फसविते. विद्युत्-विश्लेषणाने तांबे काढतानाही नळी धनाग्र असते. तांबे संपल्यावर प्रवाह चालू राहिला तर लोह विरघळू लागते.

उरलेले निळे द्रावण गटारात ओतणे अनुचित होय. तांबे जलचरांना अल्प प्रमाणातही घातक असते, आणि आधीच प्रदूषणाने ग्रासलेल्या वालधुनीचे पाणी शेवटी उल्हास नदीसच मिळते. द्रावण किंचित आम्लधर्मी करून त्यात लोखंडाचा कीस टाकल्यास तांबे त्यावर बसते व वेगळे काढता येते. नळीत जे लोह वाचवावयाचे, तेच येथे तांब्यास परत बोलावते. दोन्ही प्रसंगी धातू तेच. द्रावणाची प्रकृती बदलली की त्यांचे वर्तन बदलते, हे ध्यानी ठेवल्यास जुनी नळी निष्कारण नष्ट होणार नाही.