लेदरबॅकचे माहेर

माझे लहानपण कोकणात गेले. त्यामुळे कासव म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर ऑलिव्ह रिडले येते. दोघांनी मिळून उचलावे एवढे, चाळीस-पंचेचाळीस किलोचे. लेदरबॅक या समुद्री कासवाची मापे प्रथम वाचली तेव्हा मी टेप घेऊन घरातली खाट मोजली. खाट आणि कासव जवळपास सारखेच भरले! वजन म्हणाल तर तांदळाची चार-पाच पोती. १९८८ मध्ये वेल्सच्या किनाऱ्याला लागलेला एक नर तर ९१६ किलोचा होता.

याच्या पाठीवर इतर कासवांसारखे खवल्यांचे टणक कवच नसते. चामड्यासारखी काळसर कातडी आणि तिच्यावर लांबीला सात उठावदार रेघा. एवढे धूड जगते कशावर, तर बुळबुळीत जेलीफिशवर. ते निसटू नयेत म्हणून घशात आत वळलेले काटे असतात. नेमके तेच आता त्याच्या जिवावर उठतात. पाण्यात तरंगणारी प्लॅस्टिकची पिशवी जेलीफिशसारखी दिसते, आणि एकदा गिळली की बाहेर येत नाही.

नर समुद्र सोडत नाही. मादी मात्र दोन-तीन वर्षांनी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि निघून जाते. कुठे जाते? लिटल अंदमानवर अंडी घालणाऱ्या काही माद्यांच्या पाठीवर २०११ पासून उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसवली गेली. काही ऑस्ट्रेलियाकडे गेल्या, तर एक तेरा हजारांहून अधिक किलोमीटर पोहत थेट मोझांबिकजवळ पोचली. आपल्या लेकी बाळंतपणाला माहेरी येतात, तशा या माद्या पुन्हा त्याच भागातले किनारे गाठतात.

असेच एक माहेर म्हणजे ग्रेट निकोबारमधला गॅलाथियाचा किनारा. १९९७ मध्ये तिथे अभयारण्य झाले. २००४ च्या त्सुनामीत जमीन खचली, वाळू गेली. पुढे समुद्रानेच ती हळूहळू परत आणून टाकली आणि कासवेही परतली. २०२१ मध्ये मात्र बंदरासाठी अभयारण्याचा दर्जा काढला गेला. गंमत पाहा, त्याच वर्षीच्या केंद्राच्या कासव-संवर्धन आराखड्यात हा किनारा महत्त्वाचा म्हणून नोंदला आहे! नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी मिळाली.

किनाऱ्याचा काही भाग कासवांसाठी मोकळा राहील, असे योजनेत म्हटले आहे. मला शंका आहे ती दिव्यांची. मादी अंधारा किनारा शोधते. दोन महिन्यांनी वाळूतून वर येणारी पिल्ले उजेडाकडे धावतात. एरवी रात्री तो उजेड समुद्रावर असतो. बंदराचे दिवे रात्रभर जळणार, आणि ते असणार जमिनीवर.