टाका नाही, पण नळी आहे

आखातातल्या मराठी घरांत मुतखडा आता पाहुण्यासारखा येऊन-जाऊन असतो. उन्हाळ्यात घामावाटे पाणी जातं, लघवी दाट होते आणि तिच्यातल्या क्षारांचे खडे बनतात. इथे यूएईत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उघड्यावरचं काम बंद असतं, पण सकाळचं ऊनही काही कमी नसतं. आमचे हे साइट इंजिनियर. पाण्याची बाटली बहुतेक वेळा गाडीतच राहायची.

मे महिन्यात सीटी स्कॅनमध्ये ह्यांच्या उजव्या मूत्रपिंडात ११ मिलिमीटरचा खडा दिसला. ४-५ मिलिमीटरपर्यंतचे खडे बऱ्याचदा आपोआप पडतात. हा पडणारा नव्हता. सासूबाईंनी फोनवरून कुळथाचं कढण सांगितलं. ते मी रोज केलं. चवीला छान लागतं, पोटात पाणीही जातं, पण एवढा खडा त्याने विरघळत नाही. जुलैच्या सुट्टीत पुण्यात इलाज करायचं ठरलं.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं आणि मी, शिकवण्याची सवय म्हणून, ते वहीत उतरवून घेतलं. पूर्ण भूल देऊन लघवीच्या मार्गातून एक बारीक, वाकणारी दुर्बीण मूत्राशयात आणि तिथून मूत्रवाहिनीतून थेट मूत्रपिंडात नेतात. तिच्यातून काचेचा तंतू जातो. होल्मियम लेझरचा प्रकाश पाण्यात चटकन शोषला जातो, त्यामुळे त्याचा जोर तंतूच्या टोकापाशीच संपतो. खड्याचा भुगा होतो, मोठे तुकडे चिमुकल्या जाळीने काढतात. २ सेंटिमीटरहून मोठ्या खड्याला मात्र सहसा पाठीतून छिद्र पाडावं लागतं.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. इथवरचं जाहिरातीतही असतं.

नंतरचं सांगते. आत ‘डबल जे स्टेंट’ ठेवतात. ही एक मऊ नळी. वरचं वळलेलं टोक मूत्रपिंडात, खालचं मूत्राशयात. सूज आली तरी लघवी अडू नये म्हणून ती असते. तिच्यामुळे ह्यांना तासातासाला जावं लागे, प्रत्येक वेळी कमरेत कळ, आणि लघवी लालसर. तो रंग पाहून माझे हातपाय गळाले. “थोडं रक्त चालतं, पाणी वाढवा,” डॉक्टर म्हणाले. “गाठी पडल्या, लघवी अडली किंवा थंडी वाजून ताप आला, तर रात्रीसुद्धा या.”

नळी काढायची होती चौदाव्या दिवशी. आमचं विमान दहाव्या. “वहिनी, पुढच्या सुट्टीत काढू की,” धाकटे दीर सहज म्हणाले. पुढची सुट्टी म्हणजे वर्ष! नळी महिनोन्‌महिने आत राहिली तर तिच्यावरच क्षार चढतात, ती अडकते आणि काढायला पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. आम्ही तिकीट बदललं. ह्यांचे चार दिवस बिनपगारी गेले. नळी मात्र जागा बधिर करून काही मिनिटांत निघाली. भारतात जाऊन हा इलाज करणार असाल तर आधी नळीची तारीख विचारा, मग परतीचं तिकीट काढा.

खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. “म्हणजे दूध-दही बंद?” मी विचारलं. नाही, जेवणातलं कॅल्शियम कमी करायचं नसतं, मीठ कमी करायचं. आणि लघवी दिवसाला अडीच लिटर होईल इतकं पाणी प्यायचं. ह्यांच्या डब्यातून पापड-लोणचं गेलं. सासूबाईंनी बांधून दिलेली कैरीच्या लोणच्याची बरणी सध्या मी एकटीच संपवते आहे.