मागच्या ओळीतला टाळकरी

शिरूरहून चौफुल्याला जाणाऱ्या रस्त्यावर न्हावरे लागते. जिल्ह्याला हे नाव माहीत आहे ते ऊस आणि घोडगंगा साखर कारखाना यांच्यामुळे. संगीताच्या नकाशावर ते ठळक दिसत नाही, पण त्याची जागा मोठी विलक्षण आहे. वर वायव्येला शिरूर तालुक्यातच कवठे येमाई आहे. तिथल्या बशीर मोमीन यांनी ‘मोमीन कवठेकर’ या नावाने तमाशाच्या फडांना गाणी आणि वगनाट्ये लिहून दिली. त्यापलीकडे जुन्नर तालुक्यातले नारायणगाव, तमाशाची पंढरी. खाली दक्षिणेला दौंड तालुक्यात चौफुल्याची कलाकेंद्रे. आणि यवतहून वरवंडला जाणारी तुकोबांची पालखी जाते तीही याच चौफुल्यावरून. एका हाताला ढोलकी, दुसऱ्या हाताला मृदंग. अशा पट्ट्यात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर वाद्य पडत नाही असे होतच नाही. ते हातात पडते का, हा खरा प्रश्न आहे.

संगीताने मुले धीट होतात, मन मोकळे करायला शिकतात, असे आता शाळेच्या स्नेहसंमेलनापासून पालकांच्या गप्पांपर्यंत सगळीकडे ऐकू येते. ते खोटे नाही. पण ‘कसे?’ असे विचारले की दूरचित्रवाणीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतल्या एखाद्या मुलाचे उदाहरण पुढे येते. हजारांतून एकाला निवडणारी व्यवस्था उरलेल्या नऊशे नव्याण्णव मुलांना कोणता धीर देते, हे मला उमगलेले नाही. गेली काही वर्षे शिरूर-दौंड भागातल्या भजनांत आणि सप्ताहांत बसून मी टिपणे काढतो आहे. त्यावरून मला दिसलेले उत्तर साधे आहे. धीर तयार होतो तो मागच्या ओळीत. मूल पुढे येऊन उभे राहते तेव्हा तो लोकांना दिसतो, एवढेच.

चूक झाकणारी ओळ

वारकरी भजनाची रचना बघा. विणेकरी मध्ये, मृदंग वाजवणारा त्याच्याजवळ आणि दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या ओळी. चाल म्हणणारा अभंगाचे ध्रुपद उचलतो, बाकीचे ते झेलतात. तो चरण म्हणतो, पुन्हा सगळे ध्रुपदावर येतात. नव्या मुलाला अख्खा अभंग पाठ असावा लागत नाही. एक ओळ आली की तो भजनात सामील झाला. तीच ओळ दहा-बारा वेळा परत येते. पहिल्यांदा चुकलेला शब्द तिसऱ्या वेळी सुधारतो आणि सातव्या वेळी मान वर होते. चूक झाली तर वीस टाळांच्या आवाजात ती कोणाला ऐकू जात नाही. मात्र टाळ उलटा पडला की शेजारच्याला लगेच कळते. तो न बोलता आपला टाळ थोडा ठळक करतो आणि मूल मात्रेवर येते.

शिकवण्याची याहून सभ्य रीत मी पाहिलेली नाही. वर्गात उत्तर चुकले की चाळीस तोंडे वळतात. इथे चूक शेजारच्याच्या हाताने दुरुस्त होते आणि गाणे पुढे जाते.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. दिवसरात्र पाळ्या लावून गावकरी ती गळ्यात घेऊन उभे राहतात, याला पहारा म्हणतात. पुरेशी माणसे नसली की बारा-चौदा वर्षांच्या मुलाच्याही गळ्यात वीणा येते. मला पहिला पहारा मिळाला तो पहाटेचा, काकड्याच्या आधीचा. मंडपात झोपलेली माणसे, एक दिवा आणि मी. त्या रात्री मी काही चांगले गायलो नाही. पण गावाने मला विश्वासाचे काम दिले होते आणि ते माझ्या हातून मोडले नव्हते. पुढे चार लोकांत बोलायला उभे राहताना मला ती पहाट आठवत असे.

आवाज फुटतो तेव्हा

भजनात रमलेली मुले तेरा-चौदाव्या वर्षी अचानक यायची बंद होतात. घरचे म्हणतात, अभ्यास वाढला. अनेकदा खरे कारण गळ्यात असते. या वयात मुलांचे स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण एक सप्तक खाली येतो. काही महिने तो ताब्यात राहत नाही. वारकरी भजन उंच पट्टीत चालते. कालपर्यंत सहज वर जाणारा मुलगा आज चिरकतो, लोक हसतात आणि तो घरी बसतो.

जाणते बुवा अशा वेळी मुलाला मृदंगापाशी बसवतात किंवा खालच्या स्वरात ध्रुपद झेलायला सांगतात. गळा थकला तरी हात मोकळे असतात. मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावणे, गट्टे ठोकून तो स्वरात आणणे, ही कामेही त्याच्याकडे येतात. त्यात बोलांचे शिक्षण आधी तोंडी असते. बोल म्हणता आले की मग ते हातात उतरवायचे. एरवी चार वाक्ये बोलायला लाजणारा मुलगा हे बोल खणखणीत आवाजात म्हणतो. त्यांना शब्दांसारखा अर्थ नसतो, त्यामुळे ‘आपण काहीतरी वेडेवाकडे बोलू’ ही भीतीही नसते. मात्रा तेवढी सांभाळायची. तोंड उघडण्याची सवय अशी लागते.

गाण्याने माणसे चटकन मोकळी होतात, याला बाहेरचाही आधार आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी प्रौढांच्या गाण्याच्या, हस्तकलेच्या आणि लेखनाच्या वर्गांची सात महिने तुलना करून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेवटी सगळ्याच वर्गांत सारखा जिव्हाळा निर्माण झाला होता, पण गाणाऱ्यांमध्ये तो फार लवकर आला. अनोळखी माणसांतला संकोच गाण्याने आधी मोडतो.

मात्र संगीताच्या अंगावर भलते दावे लादू नयेत. व्हेनेझुएलात १९७५ साली होसे आंतोनियो आब्रेउ यांनी मुलांच्या वाद्यवृंदांची चळवळ सुरू केली. ती जगभर नावाजली गेली. तिच्या १६ केंद्रांतल्या ६ ते १४ वर्षांच्या २,९१४ मुलांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. काहींना आधी आणि काहींना वर्षभराने प्रवेश देऊन ही तुलना केली होती. मुलांचा स्वतःवरचा ताबा थोडा सुधारला, वागण्यातल्या अडचणी थोड्या कमी झाल्या. इतर बहुतेक मोजमापांत ठळक फरक दिसला नाही. गाणे शिकल्याने गणित येईल, असे सांगून क्लास चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. दहावीला संगीताचे वाढीव गुण मिळतात म्हणून परीक्षा देणाऱ्या मुलाला गुण मिळतील. धीर मिळेलच असे नाही.

उसन्या शब्दांतून स्वतःच्या शब्दांकडे

इथे कोणी विचारील, की भजनातले शब्द तर संतांचे, मग मुलाची स्वतःची अभिव्यक्ती कुठे आली? मला वाटते ती उसन्या शब्दांतूनच सुरू होते. जनाबाई आणि चोखोबा विठ्ठलाशी भांडतात, त्याला जाब विचारतात. घरात वडिलांसमोर न बोलणारे मूल देवळात हे भांडण मोठ्याने गाते आणि गाव त्याला मान डोलावून दाद देते. दुःख मोठ्याने सांगता येते, ते सांगण्याला एक घाट असतो, एवढे त्याला कळते. अभंगाच्या शेवटी नाव संताचे असते, त्यामुळे बोलण्याची जोखीमही संताच्या अंगावर असते. या आडोशाची तरुण वयात फार गरज असते.

काही जण आडोशातून बाहेर येतात. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) अक्षरओळख शिकले ते मोठेपणी. पण गाण्याचे घाट त्यांच्या कानात आधीपासून होते. त्यांत त्यांनी आंबेडकरी चळवळीचे शब्द भरले आणि ती गाणी गावोगाव गेली. अण्णा भाऊ साठ्यांनी अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासोबत १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हाही घाट तमाशाचा होता आणि बोलणे कामगाराचे. मोमीन कवठेकरांनी तर तमाशाच्या घाटातच आयुष्यभर लिहिले. आधी लोकांचा घाट आत्मसात करायचा, मग त्यात आपले म्हणणे भरायचे, असा हा क्रम आहे.

ओळीत जागा कोणाला?

आता अवघड भाग. मागची ओळ धीर देते हे खरे, पण त्या ओळीत कोणाला उभे राहू देतात?

हलगीचे उदाहरण घ्या. हलगी वाजवणाऱ्याच्या हातात केवढे कौशल्य असते ते वेगळे सांगायला नको. पण ते वाजवणे पिढ्यान्‌पिढ्या गावकीचे काम म्हणून दलितांवर लादलेले होते. आंबेडकरी चळवळीत अनेकांनी ते नाकारले. वाद्य हातात आले म्हणून माणूस मोकळा होत नाही. वाजवायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकारही हातात यावा लागतो. काही तरुणांसाठी वाद्य खाली ठेवणे हीच पहिली अभिव्यक्ती होती, हे संगीताचे गोडवे गाताना विसरू नये.

मुलींचे दुखणे वेगळे आहे. या भागात बाईने गाणे नवे नाही. जात्यावर, दिंडीत, महिला भजनी मंडळात बायका गातच आल्या. पण मृदंगापाशी मुलगी क्वचित दिसते. विचारले की सांगतात, मुलींची पट्टी जमत नाही. हे कारण टिकत नाही. वारकरी भजनाची उंच पट्टी आवाज फुटलेल्या मुलापेक्षा मुलीच्या गळ्याला जवळची आहे. खरी अडचण चार लोकांत वाजवणाऱ्या-गाणाऱ्या बाईकडे बघण्याच्या नजरेत आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. आज त्यांच्या नावाने शासन जीवनगौरव पुरस्कार देते, तो मोमीन कवठेकरांनाही मिळाला. पण त्याच विठाबाईंचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. आपण दाद देतो आणि मान राखून ठेवतो. ती राखून ठेवलेली गोष्ट आपल्या मुलीला मिळणार नाही, या धास्तीने आई तिला वाद्यापासून दूर ठेवते. ही नजर बदलू शकते, याचा पुरावा फार दूर नाही. पुण्याच्या ढोल-ताशा पथकांत आज मुली मोठ्या संख्येने ढोल कमरेला बांधतात आणि आईबाप ते कौतुकाने बघतात.

तिसरे, ऊसतोड मजुरांची मुले. दिवाळीच्या सुमारास टोळ्या येतात, कारखान्याच्या परिसरात आणि फडाशेजारी कोप्या पडतात. ही मुले चार-सहा महिने आपल्याच गावात राहतात. पण सप्ताहाच्या मंडपात ती दिसतात पंगतीला, ओळीत दिसत नाहीत. त्यांच्या घरांतही भारूड, गोंधळ, ओव्या असतात. आपण त्यांना कधी ‘तुमच्याकडचे एखादे म्हणा’ असे म्हटलेले नाही.

मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींवर टीका करणे सोपे आहे, मीही करतो. पण तरुण तिकडे का जातात हेही पाहावे. तिथे जात, पट्टी, पाठांतर काही विचारत नाहीत. नाचायला यायचे, एवढेच. फक्त तिथे आपल्यावाचून काही अडत नाही. एक जण कमी झाला तरी आवाज तेवढाच राहतो. भजनात एक टाळ कमी झाला की ओळीला कळते. तरुणाला हे कळण्याची गरज असते, की आपण नसलो तर काहीतरी उणे पडते.

या वर्षीच्या सप्ताहासाठी म्हणून मला तीनच गोष्टी सुचवायच्या आहेत. आवाज फुटलेल्या मुलाला घरी बसू देऊ नये, त्याला मृदंगाशेजारी बसवावे. हरिपाठाला दारात उभ्या राहणाऱ्या मुलीच्या हातात टाळजोड द्यावा आणि ताल बसला की मृदंगही द्यावा. आणि एका संध्याकाळी कोप्यांवर जाऊन तिथल्या मुलांना बोलावून आणावे, जेवणाच्या आधी, भजनाच्या वेळेला. मागच्या ओळीत जागा करायला खर्च येत नाही. शेजारच्याने थोडे सरकून बसायचे असते.